दर्शनी भिंत

रणवरे सर नव्या माणसाला नाव-गाव विचारायच्या आधी घर कशाचं आहे ते विचारत. भिंत विटेची की दगडाची, वर स्लॅब की पत्रा, दुपारी आत बसवतं का? लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्याला, एसटी स्टँडवर पेपर वाचणाऱ्याला, एकदा तर सलाईन लावायला आलेल्या नर्सबाईंनाही त्यांनी हेच विचारलं होतं. ती बिचारी सुई हातात धरून म्हणाली, "पत्र्याचं आहे सर." त्यावर सर म्हणाले, "मग उन्हाळ्यात तुम्हालाच सलाईन लावायची पाळी येत असेल." ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि ऐकणाऱ्याच्या आधी स्वतःच हसत.

मी त्यांच्याबद्दल लिहिते आहे ते रागातून. राग निवला की लिहू, असं दोन वर्षं म्हणत होते. तो काही निवत नाही, म्हणून आहे तसाच घेऊन बसले आहे. पण नुसता राग लिहिला तर ते माणूस तुम्हाला कळणार नाही. माझ्या आयुष्यात एवढं लाघवी, एवढं हुशार आणि बायकांशी एवढ्या अदबीने बोलणारं दुसरं माणूस आलेलं नाही. दुखतं ते म्हणूनच.

बारामतीच्या एका तंत्रनिकेतनात सरांनी आयुष्यभर बांधकाम शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, फार तर शेतात बोअर घेतात. सर जुनी स्कूटर काढून वीटभट्ट्या हिंडायला लागले. आमच्या पळसदेवला उजनीच्या पाण्याच्या कडेने भट्ट्या आहेत. पाणी उतरलं की गाळ उघडा पडतो आणि त्या गाळाच्या विटा पडतात. कौसामावशी, मी आणि आमच्या बचत गटातल्या बाकीच्या सात जणी अशाच एका भट्टीवर डोक्याने विटा वाहत होतो. मी बारावी झालेली, म्हणून गटाचं प्रोसिडिंग लिहिणं माझ्याकडे. मावशीला सही येत नव्हती, पण गटात शब्द तिचाच चाले.

सर पहिल्यांदा आले तेव्हा मावशी डोक्यावर विटांचा थर घेऊन चालली होती. सर तिच्या बाजूने चालायला लागले.

"ताईसाहेब, ही वीट भाजायला किती कोळसा लागतो, माहीत आहे?"

"कोळसा मालकाला ठावं. आमी इटा मोजतो."

"आणि धूर?"

"धूर कोन मोजतंय? त्यो डोळ्यात जातोय."

सर थांबले. मग तिथेच फुटक्या विटांवर रुमाल न अंथरता बसले आणि आमची जेवणाची सुट्टी होईपर्यंत बसून राहिले. आम्ही भाकरी सोडल्यावर त्यांनी सांगायला सुरुवात केली. लोक गाडीचा धूर बघतात, कारखान्याच्या चिमणीचा बघतात, घराचा धूर कुणी बघत नाही. वीट भाजताना एकदा धूर, सिमेंट करताना एकदा, सळई ओतताना एकदा. एवढं करून उभं राहिलेलं घर उन्हात तापतं, म्हणून त्याला एसी लावायचा, की मग रोजचाच धूर. देशात पुढच्या काळात जेवढी घरं व्हायची आहेत तेवढी जर अशीच झाली, तर आपल्या नातवंडांना पाऊस कधी येणार ते कुणीच सांगू शकणार नाही. शाळेत मी हे सगळं वाचलं होतं, पण तिथे चित्र बर्फाचं होतं आणि बर्फ मी पाहिलेलाच नाही. भट्टी पाहिली होती.

महिन्याभरात सरांनी कुठल्याशा संस्थेकडून हाताने दाबायचं एक यंत्र मागून आणलं. मुरूम जास्त, गाळ थोडा, चुना आणि सिमेंट नावापुरतं. सगळं चाळून, ओलवून यंत्रात भरायचं आणि दोघींनी दांड्याला लोंबकळायचं. खाली कडक, रेखीव ब्लॉक तयार. भट्टी नाही, कोळसा नाही. फक्त एकवीस दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायचा आणि हात लावायचा नाही. सरांचा या एकवीस दिवसांवर फार जोर. मावशी म्हणायची, "बाळंतिणीला सव्वा महिना ठेवत्यात. ह्यो तर कमीच मागतोय की."

कुठला ब्लॉक कुणी केला हे कळायला सरांनी प्रत्येकीला एकेक आकडा दिला होता. ओल्या ब्लॉकवर काडीने तो लिहायचा. आमच्यातल्या निम्म्या जणींचा आकडा ओळखू येईना. मग मावशीने फुटकी बांगडी घेतली आणि कोपऱ्यात दाबली. चंद्रकोर उमटली. म्हणाली, "ही माजी सही." मी केसात खोचायचा आकडा दाबला, कुणी जोडवं, कुणी बटण. सरांना ते इतकं आवडलं की पुढे ते यंत्राजवळ यायच्या आधी सुकत घातलेल्या ब्लॉकांमधून फिरत आणि लांबूनच ओरडत, "कौसाबाई, आज पाणी जास्त झालंय तुमचं." आणि खरंच झालेलं असे.

परीक्षा घ्यायची त्यांची पद्धत न्यारी होती. एकवीस दिवस भरले की ढिगातून डोळे मिटून एक ब्लॉक काढायचा, रात्रभर पाण्याच्या पिंपात बुडवायचा. सकाळी सर बारामतीहून यायचे, बूट काढायचे, मोजे तसेच ठेवून ओल्या ब्लॉकवर उभे राहायचे. चांगला भरभक्कम माणूस. हात पसरून, तोल सावरत, तोंडाने "राम राम राम" म्हणत. ब्लॉकची कोर जरी ढासळली तरी सगळा घाणा बाद. आमच्या पोरांना ही सर्कस इतकी आवडायची की त्या दिवशी ती शाळेला उशिरा जायची. पहिल्या दोन महिन्यांत सर चार वेळा आपटले. त्यानंतर एकदाही नाही.

घर बांधायची वेळ आली ती पहिली माझ्यावर. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, पटवणं सरांच्या भाषणांच्या पलीकडचं काम होतं. तो टेम्पो चालवतो, चार गावांत ऊठबस. "लोक बंगला बांधत्यात, आन् मी मातीचं घर बांधू?" सरांनी त्याच्याशी वाद घातला नाही. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी तापमापक असायचा. एप्रिलात दुपारी तीन वाजता त्यांनी त्याला आमच्या गल्लीतल्या सगळ्यात टोलेजंग घरात नेलं आणि स्लॅबखाली उभं केलं. मग गटाने ब्लॉकांची एक खोली नमुन्याला उभी केली होती, तिथे आणलं. तापमापक त्याच्याच हातात होता. नवरा आतून बाहेर आला आणि म्हणाला, "सर, हिला म्हनावं, सुरू कर."

दोन खोल्यांचं घर. सरांनी स्वतः दोरी धरली, भिंतीच्या पायाला दगड किती वर आणायचा, छपराची वळचण किती बाहेर काढायची, सगळं त्यांनी करून घेतलं. "मातीला चांगले बूट आणि मोठी टोपी द्या, मग ती कुणाला भीत नाही." माझी धाकटी तेव्हा रांगत होती. वास्तुशांतीला सर आले, तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले आणि तसेच जेवले. त्या घराने तेव्हापासून चार पावसाळे काढले आहेत. एक चीर नाही.

पुढे सरांच्या बारामतीच्या घरी एकदा जायचा योग आला. मी आणि मावशी चिलापी माशाचं कालवण घेऊन गेलो होतो. दोन मजली स्लॅबचं घर, पश्चिमेला भलीमोठी काच, दोन्ही खोल्यांत एसी चालू. काकूंनी आम्हाला पाणी दिलं आणि हसत म्हणाल्या, "जगाला मातीत राहायला सांगतात. इथे एसी बंद केला तर पहिले हेच उठून बसतात." सर लाजले. म्हणाले, "मास्तरकी नवीन होती तेव्हाची चूक आहे ही." आम्ही पण हसलो. परतीच्या एसटीत मावशी खिडकीतून रस्त्याकडेची घरं बघत होती. मग म्हणाली, "मानसाला हौस आस्ती गं." मी तो विषय तिथेच सोडला. तेव्हा सोडायला नको होता.

मग ते मोठं काम आलं. बारामती तालुक्यात कऱ्हाटीच्या बाजूला एका वस्तीवर अंगणवाडी बांधायची होती. पैसा बाहेरच्या एका संस्थेचा, अट एकच, इमारतीत भाजलेली वीट नको. नकाशा सरांचा, देखरेख सरांची, ब्लॉक आमचे. आमच्या नऊ जणींच्या दृष्टीने यावर सगळं अवलंबून होतं. ही इमारत उभी राहिली की पुढची कामं येणार, आणि पुन्हा भट्टीचा थर डोक्यावर घ्यायला लागणार नाही. आम्ही तसं भट्टीच्या मुकादमाला तोंडावर सांगूनही आलो होतो.

उद्घाटनाची तारीख कुणा मोठ्या पाहुण्याच्या सोयीने अलीकडे आली. शेवटच्या घाण्याला चौदा दिवस झाले होते. सरांनी ट्रक पाठवला. मावशी ट्रकपुढे उभी राहिली. "सात दिस ऱ्हायल्यात सर. तुमीच सांगितलंय." सर फोनवर म्हणाले, "कौसाबाई, ते भिंतीत बसल्यावर वाळतील. माझ्यावर सोडा." आम्ही त्यांच्यावर सोडलं. आमच्याकडे दुसरं कोण होतं ज्याच्यावर सोडणार?

उद्घाटनाला आम्हाला गाडी पाठवून बोलावलं. दर्शनी भिंत बिनगिलाव्याची, आमचे ब्लॉक उघडे, उन्हात मधासारख्या रंगाचे दिसत होते. बाकीच्या भिंतींना आतून-बाहेरून गिलावा, आत त्यावर अक्षरं आणि फळं रंगवलेली. दारावर पाटी होती. या इमारतीच्या सर्व भिंती न भाजलेल्या मातीच्या आहेत, आणि त्यामुळे एवढे एवढे टन धूर वाचला. मी पाटी वाचून दाखवली. मावशीने मला ती दोनदा वाचायला लावली. त्या वर्षी सरांना पुण्यात त्या इमारतीसाठी पुरस्कारही मिळाला, आणि त्यांनी तिथे आमच्या नऊ जणींची नावं घेतली. एकही चुकलं नाही.

वर्षभराने संक्रांतीला आम्ही तिथल्या अंगणवाडीच्या बाईंना वाण द्यायला गेलो. मागच्या बाजूला पाण्याची पाइप घालायचं काम चालू होतं. जोत्यातून चर खणलेला, बाहेर मातीचा ढीग. मावशी ढिगाजवळ थबकली. वाकली आणि एक तुकडा उचलून पदराने पुसला. कोपऱ्यात चंद्रकोर. ढिगात तसे तुकडेच तुकडे होते. चंद्रकोर, जोडवं, बटण, माझ्या केसातला आकडा. जोत्यात भराव म्हणून आमचे ब्लॉक फोडून टाकले होते. मी वर पाहिलं. पाइपसाठी भिंतीला भोक पाडलं होतं, आणि गिलाव्याच्या आत लालभडक भाजकी वीट होती. प्लंबर म्हणाला, "समदीकडं हीच हाय की. म्होरची तेवढी दाखवायची हाय."

मावशीने तो तुकडा पदरात बांधला. तिळगूळ तसाच पिशवीत ठेवून आम्ही परत आलो. एसटीत ती एकदाच म्हणाली, "दुसऱ्या कुनी केलं आसतं तर मी तितंच आरडले आसते."

सरांना मी फोन केला. कशासाठी ते सांगितलं नाही, तरी त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आले. माझ्या घरात खाटेवर बसले. मावशीने तो तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.

सरांनी चंद्रकोरीवरून बोट फिरवलं. मग सांगायला लागले, खाली मान घालून. शेवटचे ब्लॉक पोचले आणि त्या रात्री अवकाळी पाऊस झाला. ढिगावरचे काही ब्लॉक कडेने विरघळले. चौदा दिवसांवाले. चूक त्यांची होती, ब्लॉकची नव्हती, हे त्यांना कळत होतं. पण सकाळी तो ढीग पाहिल्यावर त्यांना एकेक दिसायला लागलं. उद्घाटन, पाहुणे, संस्था, आणि आत लहान मुलं. त्यांनी त्याच दिवशी वीट मागवली आणि दर्शनी भिंतीपुरते सोडून आमचे सगळे ब्लॉक फोडून जोत्यात घातले.

"आत बाळं बसणार होती, कौसाबाई. मला धीर झाला नाही."

आतल्या खोलीत माझी धाकटी झोपली होती. मावशीने दाराकडे हात केला.

"आन् ही? ही बाळ न्हाय व्हय?"

सरांनी दाराकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. त्यांच्या हे कधी मनातच आलं नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं. आमच्या घरात त्यांनी पोर मांडीवर घेऊन जेवण केलं होतं, आणि त्यांना भीती वाटली नव्हती. भीती वाटली ती जिथे त्यांच्या नावाची पाटी लागणार होती तिथे. आम्हाला ते मोजे घालून ब्लॉकवर उभे राहायचे तेव्हा वाटायचं, या माणसाचा आमच्या हातावर केवढा विश्वास आहे. तो विश्वास पळसदेवपुरता होता. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला की मी चहा ठेवायचं निमित्त करून उठले आणि चहा ठेवलाच नाही.

"काय करू सांगा," सर म्हणाले.

"खरं सांगा त्यास्नी. पाटी लावनाऱ्यास्नी. आमच्यात खोट न्हवती आसं सांगा. मग पुढचं काम द्या न्हायतर नका दिऊ."

सरांनी शब्द दिला. बावड्याच्या बाजूला मुलींचं एक वसतिगृह व्हायचं होतं, त्याचे पाहुणे पंधरा दिवसांत अंगणवाडी बघायला येणार होते. त्यांना मी स्वतः सगळं सांगतो, तुम्ही दोघी हजर राहा. मग बावड्याच्या सगळ्या भिंती तुमच्या. जाताना त्यांनी मावशीच्या पाया पडायचा प्रयत्न केला. तिने पाय मागे घेतले. "पाया पडू नगा सर. सांगा तेवढं."

मधल्या पंधरवड्यात गटातल्या दोघी पुन्हा भट्टीवर जायला लागल्या होत्या. घरी बसून काय करणार? मुकादमाने त्यांना काय काय ऐकवलं, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही.

पाहुणे दक्षिणेकडचे होते, एक बाई आणि एक गृहस्थ. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, सगळं इंग्रजीत. सरांनी त्यांना आवार दाखवलं, वळचण दाखवली, जोतं दाखवलं. मग दर्शनी भिंतीवर हात ठेवून बोलायला लागले. सर फार सुंदर बोलतात. मी वाट पाहत होते, आता सांगतील, आता सांगतील. पाहुण्या बाई वहीत लिहून घेत होत्या. सरांनी पाटी वाचून दाखवली, धुराचा आकडा सांगितला आणि थांबले. पाहुणे हसले. झालं होतं.

मावशीला इंग्रजी कळत नाही, पण थांबणं कळतं. ती पुढे झाली. पदर सारखा केला आणि पाहुण्या बाईंच्या डोळ्यात बघून, एकेक शब्द सुटा सुटा करून बोलली.

"बाई, ह्या इमारतीत आमची ही म्होरची भित तेवढी हाय. बाकीचे ब्लॉक फोडून जिमिनीत घातल्यात. आतनं समदी भाजकी ईट हाय. सर भ्याले म्हनून. आमच्या मालात खोट न्हवती. हिचं घर पळसदेवला हाय, दोन पावसाळं झालं. येऊन बगा."

एवढं लांब ती आयुष्यात पहिल्यांदाच कुणा परक्यापुढे बोलली असेल. पाहुण्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी भिंतीवरचा हात काढला. मग त्यांनी घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं. या बाई म्हणतात, आधी आम्ही भाजलेल्या विटा डोक्यावर वाहत होतो, आता आमच्या ब्लॉकच्या इमारतीत मुलं गारव्यात बसतात, याचा आम्हाला अभिमान आहे. आणि तुम्ही यांच्या मैत्रिणीचं घर बघायला या, असं त्या बोलावताहेत. घराचं तेवढं खरं होतं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुण्या बाईंच्या डोळ्यात पाणी आलं होतं.

मावशी गोंधळली. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "टाळ्या कशाला गं वाजीवल्या? मंगल, तुला कळतंय ना त्यांचं. सरांनी बराबर सांगितलं का समदं?"

बावड्याचं काम या दोन माणसांच्या वहीत होतं. भट्टीवर परत गेलेल्या दोघी माझ्या डोळ्यासमोर होत्या. आम्हा उरलेल्या सात जणींतल्या किती जणी पुढच्या हंगामाला तिथेच असतील, तेही मला दिसत होतं.

"सांगितलं मावशी," मी म्हटलं. "तू म्हनलीस तसंच."

"मग झालं," ती म्हणाली. पदराने तोंड पुसलं आणि बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास सोडला. पाहुण्या बाईंनी पुढे होऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले, आणि मावशीने ते घेऊ दिले. तिच्या मागे उभ्या असलेल्या सरांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. मावशीच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.